साहेबांच्या लॉगिनवरून दुसरी मोजणी

तारीख सव्वीस नोव्हेंबर. वेळ दुपारी दोन वाजून चोवीस मिनिटं. हजेरी एक हजार एकशे चौऱ्याऐंशी माणसांची. खोलीत हजर — मी एकटा.

या चार ओळी मी आजवर कुणाला सांगितलेल्या नाहीत. घरी बायकोला, सुनंदाला नाहीत, ऑफिसात नाहीत, आणि ज्या मुलीला सांगायला हव्या होत्या तिला तर नाहीतच. तीन वर्षं होतील आता. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगणं सोपं जातंय — हेही खरं तर भित्रेपणाचंच आहे. असो.

मी चाकणच्या एका कंपनीत टाईम ऑफिस सांभाळतो. गाड्यांचे पत्र्याचे भाग दाबून काढणारी कंपनी आहे. कोण आलं, कोण आलं नाही, कुणाचा खाडा, कुणाची अर्धी पाळी, कुणाची रजा किती उरली, याचा शेवटचा आकडा माझ्या टेबलावर ठरतो. त्याआधी अकरा वर्षं मी स्टोअरला होतो. तिथे एक शिस्त होती. कुठलाही माल दोनदा मोजायचा, दोन वेगवेगळ्या माणसांनी. पहिल्याचा आकडा दुसऱ्याला दाखवायचा नाही. दोन्ही जुळले तरच खरं. एकदा मोजलेल्याला आम्ही मोजणी म्हणतच नव्हतो.

ही सवय चांगली आहे, असं मी अजूनही मानतो. म्हणूनच पुढचं सांगताना जीभ अडते.

पूर्वी आमच्याकडे हजेरीचं जुनं सॉफ्टवेअर होतं, टेबलावरच्या एकाच कॉम्प्युटरमध्ये बसवलेलं. महिना बंद करायचं बटण दाबलं की पडदा गोठायचा. तासभर काही हलायचं नाही. आम्ही चहा घ्यायचो, मी खुर्चीतून उठायचो नाही. मशिन राबतंय हे दिसायचं. नंतर कंपनीने नवं, ब्राउझरमध्ये उघडणारं सॉफ्टवेअर घेतलं. ते वैशाली कांबळे नावाच्या मुलीने लिहिलं होतं. तिशीच्या आतबाहेर असेल. हिंजवडीची नोकरी सोडून पिंपळे गुरवला एक खोली भाड्याने घेऊन ती एकटीच हे काम करायची. मोठं गिऱ्हाईक आम्हीच. डिसेंबरात करार नवा व्हायचा होता, आणि तो झाला की आमच्या आणखी दोन प्लांटची हजेरीही तिच्याकडे जाणार होती. म्हणजे तिचं सगळं आमच्यावर उभं होतं. हे मला ठाऊक होतं. नीट ठाऊक होतं.

तिच्या सॉफ्टवेअरमध्ये महिना बंद करायचं बटण दाबलं की एका सेकंदात पाटी यायची — ‘काम रांगेत घेतलं आहे. पान बंद केलं तरी चालेल. पूर्ण झाल्यावर कळवू.’

पान बंद केलं तरी चालेल? मग काम कोण करतंय?

तिने समजावून सांगितलं होतं. ब्राउझर दीड-दोन मिनिटांच्या वर थांबत नाही, कंटाळून निघून जातो. म्हणून मोठं काम पान करतच नाही. पान फक्त चिठ्ठी लिहून ठेवतं. मागे सर्व्हरवर दुसरा एक प्रोग्राम बसलेला असतो, तो चिठ्ठी उचलतो आणि निवांत काम करतो. त्याला ती ‘वर्कर’ म्हणायची. आमच्याकडे वर्कर म्हणजे गेटपास असलेला माणूस. हा वर्कर कुणी बघितला होता?

“काका, गिरणीत आपण दळण ठेवून येतो ना?” ती म्हणाली होती. “भाजी वगैरे घेऊन परत येतो, तोवर पीठ तयार. गिरणीवाल्यासमोर उभं थोडंच राहतो?”

“मी राहतो,” मी म्हणालो.

ती हसली. तिला वाटलं मी गंमत केली. मी खरंच उभा राहतो. पुनावळ्याला आमच्या सोसायटीसमोर गिरणी आहे, तिथे विचारा कुणालाही.

तेव्हापासून मी एका डायरीत तिच्या कामाची नोंद ठेवू लागलो. चिठ्ठी ठेवली किती वाजता, ‘पूर्ण’ आलं किती वाजता, माणसं किती. पहिला महिना बावन्न मिनिटं. मग एकोणपन्नास. मग सत्तावन्न — का सत्तावन्न? मी मेल लिहिला. तिने उत्तर दिलं, सर्व्हरवर त्या दिवशी बॅकअप चालू होता. मी उत्तराचीही नोंद केली आणि पुढे कंसात लिहिलं, ‘खात्री नाही’.

जुनं सॉफ्टवेअर देणारे गृहस्थ पुण्यातून यायचे. साठीचे, पांढरा शर्ट, गोड बोलणं. त्यांच्या कामाची मी कधी एक मिनिटाची नोंद ठेवली होती? नाही. त्यांच्या हजेरीत चुका निघायच्या तेव्हा मी म्हणायचो, होतं असं मशिनमध्ये. मग हिच्याच बाबतीत का? पडद्यामागचं दिसत नव्हतं म्हणून? मुलगी म्हणून? वयाने लहान म्हणून? की आडनावामुळे? — हा प्रश्न मी उगाच लिहिलेला नाही. उत्तर मला माहीत आहे, आणि अजून मी ते स्वतःला पूर्ण वाक्यात सांगत नाही.

ऑक्टोबरच्या शेवटी एकदम एकतीस मिनिटं आली. बावन्नवरून एकतीस! मी भागाकार केला. पूर्वी एका माणसाला अडीच सेकंदांहून जास्त लागत होते, आता दीडवर आले. महिन्याभराचे येण्याजाण्याचे पंच, पाळ्या, रजा, खाडे — एका माणसाचं सगळं दीड सेकंदात तपासून होतं? की काही माणसं बघितलीच जात नव्हती? तिने आधीच मेल पाठवला होता की कामाचा वेग सुधारला आहे, कसा तेही लिहिलं होतं. मी तो वाचला होता. वाचला आणि मनात म्हणालो, चोर कधी सांगतो का?

चोर. हा शब्द मी वापरला होता. तिने काय चोरलं होतं, विचाराल तर मला सांगता येणार नाही.

मी ठरवलं, पुढच्या महिन्यात दुसरी मोजणी घ्यायची. तेच काम दोनदा चालवायचं आणि दोन्ही आकडे जुळतात का बघायचं. तिला न सांगता.

शिकवताना तिने तीन वेळा बजावलं होतं, “महिन्यातून एकदाच दाबायचं, काका. एकदाच.” बटणही तसंच केलं होतं. दाबलं की ते फिकट व्हायचं, काम संपेपर्यंत पुन्हा दाबता यायचं नाही. आमचा हजेरीचा महिना पंचवीसला संपतो. सव्वीस नोव्हेंबरला दोन वाजून वीस मिनिटांनी मी माझ्या लॉगिनवरून ते दाबलं. फिकट झालं. माझ्यासाठी ते आता बंद होतं.

पण शेजारच्या टेबलावर दुसरा कॉम्प्युटर होता. आणि माझ्याकडे कुलथे साहेबांचं लॉगिन होतं. कुलथे साहेब आमचे एचआरचे प्रमुख. ते दौऱ्यावर गेले की रजा मंजूर करायला अडचण नको म्हणून त्यांनी मला पासवर्ड देऊन ठेवला होता — नियमात बसत नाही, पण सगळीकडे चालतं. त्या लॉगिनवर बटण ताजं, निळं दिसत होतं. माझ्या डोक्यात काय आलं असेल? हेच की दुसरी मोजणी दुसऱ्या हाताने व्हायला हवी, आणि हा दुसरा हात आयताच आहे. स्टोअरचा नियम मी अक्षरशः पाळत होतो. साहेब खाली शॉपवर, मशिनांपाशी, ग्राहकाच्या ऑडिटमध्ये होते. आमची क्लार्क जेवायला गेली होती. दोन चोवीसला मी दाबलं. आणि डायरीत लिहिलं — ‘२.२४, दुसरी मोजणी, कु. साहेबांचे लॉगिन.’ मी सगळंच लिहितो.

स्टोअरमध्ये बोल्ट दोनदा मोजले तर बोल्ट कमी होत नाहीत. हे काम नुसतं मोजत नव्हतं. ते प्रत्येक खाडा शिल्लक रजेतून वजा करत होतं. महिना एकदा पक्का झाल्यावर दुसऱ्यांदा दाबलं असतं तर काही बिघडलं नसतं. पण पहिलं काम अजून चालू होतं, महिना उघडाच होता, आणि मागे दोन वर्कर एकच यादी घेऊन वजाबाकी करत सुटले. ज्याचा एक खाडा त्याचे दोन झाले. ज्याच्या रजा संपल्या होत्या त्याचे दिवस बिनपगारी पडले. चारशे बारा माणसं. आणि काम संपलं की प्रत्येकाच्या फोनवर आपोआप मेसेज जायचा. तो गेला तीन वाजून पाच मिनिटांपासून पुढे — पाळी बदलायच्या तोंडावर.

साडेतीनला पहिली पाळी सुटते. बाहेर येणारे आणि आत जाणारे, दोन्ही माझ्या खिडकीपुढे उभे राहिले. बालाजी नावाचा लातूरकडचा प्रेसवरचा माणूस सगळ्यांत पुढे होता. त्याने फोन काचेला टेकवला.

“काका, म्या एकच दिवस गेलतो गावाकडं. दुसरा दिवस कोण गेलतं? माझा जुळा भाऊ?”

मागून कुणीतरी ओरडलं, “त्याचाबी गेटपास काढा राव, डबल ओव्हरटाइम घेऊ!” लोक हसले. पण आत कुणी गेलं नाही. आकडा दुरुस्त होईपर्यंत मशिनला हात लावणार नाही, असं ठरलं. प्रेसची लाइन उभी राहिली.

मी वैशालीला फोन केला. काय म्हणालो? “तुमच्या सॉफ्टवेअरने गोंधळ केलाय.” हेच शब्द. तेव्हा मला कळलेलं नव्हतं का? कळलं होतं. बालाजीचा फोन काचेला टेकला त्याच क्षणी कळलं होतं. एकाचे दोन — दुसरं काय असणार?

ती भोसरी, मोशी ओलांडत स्कूटीवर आली. साडेचार झाले होते. चेहरा धुळीने भरलेला, हेल्मेट काढलंही नीट नव्हतं, तशीच बसली. पाच मिनिटांत म्हणाली, “काका, काम दोनदा चाललंय. दुसऱ्यांदा साहेबांच्या लॉगिनवरून.”

मी म्हणालो, “असं कसं?”

शेजारच्या टेबलावरच्या कॉम्प्युटरकडे तिने एकदा बघितलं — की मला तसं वाटलं? त्या एका नजरेचा मी तीन वर्षं हिशेब लावतोय. मग ती कामाला लागली. सव्वीस तारखेच्या सकाळच्या शिलका तिने वेगळ्या जपून ठेवल्या होत्या, त्या परत आणल्या, एकेका पाळीची यादी करून खिडकीबाहेर स्वतः वाचून दाखवली. बालाजीला म्हणाली, “दादा, एकच. जुळा भाऊ काढून टाकला.” तो म्हणाला, “व्हय ताई, बरं झालं, लई खायचा तो.” पाच चाळीसला लाइन सुरू झाली. दोन तास दहा मिनिटं बंद होती.

जाताना तिने पाण्याची बाटली मागितली. म्हणाली, “आमचे पप्पा तीस वर्षं अशाच खिडकीपुढे उभे राहिले, काका. त्यांचे खाडे चुकले की घरी चार दिवस कुणी बोलायचं नाही. म्हणून मी ही हजेरीच निवडली.” मी मान हलवली. त्याच वेळी सांगता आलं असतं. खोलीत आम्ही दोघंच होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी बैठक झाली. प्लांटचे मोठे साहेब, कुलथे साहेब, ती, आणि मी. तिने लॉगची छापील पानं पुढे ठेवली. लॉग म्हणजे प्रोग्राम आपली आपण ठेवतो ती नोंद, केव्हा कुणाच्या नावावर काय झालं त्याची. दोन वीस, माझं नाव. दोन चोवीस, कुलथे.

कुलथे साहेब लाल झाले. “दोन चोवीसला मी ऑडिटवाल्यांबरोबर शॉपवर होतो. तेरा लोकांनी बघितलंय मला. तुम्ही काय माझ्यावर ढकलताय, मॅडम?”

“सर, तुम्ही केलं असं मी म्हणत नाही. तुमच्या लॉगिनवरून झालं, एवढंच म्हणते.”

“म्हणजे तेच की!”

तेच नव्हतं. त्या खोलीत फरक कळणारा माणूस मी होतो. आणि कुलथे साहेब — पासवर्ड कुणाकडे आहे हे त्यांना आठवत नसेल? ते एकदाच माझ्याकडे बघून पुन्हा कागदाकडे वळले. पासवर्ड दुसऱ्याला दिला हे ऑडिटच्या आठवड्यात निघालं असतं तर त्यांचंही अवघड होतं. ते मला वाचवत होते, की स्वतःला? त्यांचं त्यांच्यापाशी. मी त्यांचा आडोसा घेणार नाही.

मोठे साहेब माझ्याकडे वळले. “सुर्वे, तुमची ती डायरी आहे ना? काय लिहिलंय बघा.”

डायरी माझ्या हातात होती. दोन ओळी एकाखाली एक. मी पान उघडलं, खालच्या ओळीवर अंगठा ठेवला आणि वरची वाचली. “दोन वीसला माझ्या लॉगिनवरून काम सुरू केलं, सर.” अंगठा तसाच राहू दिला.

इथे थांबलो असतो तर निदान गप्प राहिल्याचाच दोष असता. मी थांबलो नाही. मला कुणी विचारलं नव्हतं, तरी मी म्हणालो —

“सर, हा लॉग त्यांच्याच प्रोग्रामने लिहिलेला आहे. त्यात काय लिहायचं ते त्यांच्याच हातात.”

हे वाक्य मी आयत्या वेळी शोधलं नव्हतं. ते महिनोन्‌महिने डायरीच्या कंसांमध्ये तयार होत होतं. खोलीतल्या सगळ्यांच्या चेहऱ्यावर मला ते पटताना दिसलं. माझी ख्याती होती ना — सुर्वे म्हणजे आकड्याचा पक्का माणूस. ती सगळी ख्याती मी त्या एका वाक्यामागे उभी केली.

वैशाली माझ्याकडे बघत होती. “काका, तुम्ही असं म्हणता?”

मी कागदाकडे बघितलं.

करार नवा झाला नाही. दोन प्लांटही गेले. आमच्या पट्ट्यात बातमी फिरायला वेळ लागत नाही. ‘लॉग बदलते’ एवढे दोन शब्द पुरे होते, आणि ते माझ्या वाक्यातूनच निघाले होते. पुढच्या उन्हाळ्यात कळलं, तिने पिंपळे गुरवची खोली सोडली आणि पुन्हा कुठेतरी नोकरी धरली. कुठे, ते मी विचारलं नाही.

जाण्याआधी तिने नव्या सॉफ्टवेअरवाल्यांसाठी एक टिपण पाठवलं होतं, मला प्रत. त्यात लिहिलं होतं की बटणाला लावलेलं कुलूप तिने माणसागणिक ठेवलं होतं, ते कामागणिक ठेवायला हवं होतं. एका महिन्याचं एकच काम, मग दाबणारा कुणीही असो. ‘ही चूक माझी आहे,’ असं एका ओळीत, कुठलंही कारण न देता. त्याखाली आणखी एक ओळ होती — ‘सर्वांनी कृपया आपले पासवर्ड बदलावेत.’ ती मला उद्देशून होती का? की सगळेच असं लिहितात? मी ते टिपण चार-पाच वेळा वाचलं. तिने तिची चूक तीन वाक्यांत कबूल केली होती. माझी कबूल करणं मला आजपर्यंत जमलेलं नव्हतं.

तिचं कुलूप कच्चं होतं, हे खरं. पण कच्चं कुलूप आहे म्हणून घरात शिरणारा सुटत नाही. मी दोनदा दाबलं ते चुकून नाही. आणि खोलीत बोललो तेही चुकून नाही.

नोव्हेंबरचं तिचं बिल अठरा हजार पाचशेचं होतं. ते लाइन बंद राहिल्याच्या नुकसानीत वळतं करून घेतलं गेलं. वैशाली कांबळे यांना दिले — काही नाही. सव्वीस जानेवारीला झेंडावंदनानंतर कंपनीने दक्ष कर्मचारी म्हणून एकाचा सत्कार केला. ‘बाहेरच्या सॉफ्टवेअरवर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवल्याबद्दल’ असं माइकवर वाचलं गेलं. टाळ्या वाजल्या. पाकिटात दोन हजार एक रुपये होते, नाव माझं. मी मोजून घेतले आणि सही केली.